फाटकाबाहेरचा बार्बाडोस

बार्बाडोसला जाऊन सगळी सुट्टी ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे राहणे आणि खाणेपिणे एकाच किमतीत देणाऱ्या रिसॉर्टच्या आवारात घालवणे म्हणजे पैसे भरून बेट न पाहणे होय, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हे मत कॅरिबियनमधल्या प्रत्येक बेटाला लागू पडेल असा दावा मी करणार नाही. कारण काही बेटांवर अंतरे मोठी आहेत, तर काहींवर सार्वजनिक वाहतूक बेताचीच आहे. बार्बाडोसला मात्र यातली कोणतीच सबब पुरत नाही. आपल्या बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर भागातून मुलांकडे किंवा पुतण्यांकडे लंडनला जाणारी आणि तिथूनच ‘जरा कॅरिबियन करून येऊ’ म्हणून तयार पॅकेज घेणारी कुटुंबे आता कमी राहिलेली नाहीत, आणि त्यांच्यापुढे येणाऱ्या जाहिरातींत निळे पाणी, पांढरी वाळू आणि खाटेवर पहुडलेले जोडपे यांपलीकडे काही नसते. त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आम्ही गेलो ते चौघे: मी, सौभाग्यवती, आणि अथणी तालुक्यात ऊस पिकवणारे माझे चुलते व काकी. मुक्काम चुलतभावाकडे लंडनला होता आणि पॅकेज त्यानेच घेऊन दिले होते. त्यामुळे आधीचे दिवस एका मोठ्या रिसॉर्टमध्ये आणि नंतरचे दिवस दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गेस्ट हाउसमध्ये असा दोन्हींचा अनुभव मिळाला. दोन्हींची नावे मी देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते कोण्या एका हॉटेलाविषयी नसून एका पद्धतीविषयी आहे.

रिसॉर्टच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलून टाकतो. खोल्या स्वच्छ होत्या, कर्मचारी अदबीने वागणारे होते, आणि गुडघेदुखीमुळे फार चालता न येणाऱ्या काकींना खोलीपासून समुद्रापर्यंत एकही पायरी उतरावी लागली नाही, ही सोय किरकोळ नव्हे. लहान मुले बरोबर असतील तर पोहण्याचा तलाव आणि केव्हाही मिळणारे खाणे यांची किंमत पालकांनाच कळेल. मात्र मनगटावर जो रंगीत पट्टा बांधतात, त्याच्या किमतीत मद्याचा वाटा बराच मोठा धरलेला असतो. आमच्यासारखी संध्याकाळी पुरुषांनी एखादा पेला रम घेऊन थांबणारी आणि बायकांनी नारळपाणी पिणारी मंडळी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पाहुण्यांचे बिल भरत असतात. शाकाहारी माणसाची तर आणखी पंचाईत होते. बुफेच्या मांडणीत पदार्थ पुष्कळ, पण रोज फिरून तेच: पास्ता, उकडलेल्या भाज्या, सॅलड, आणि एका संध्याकाळी ‘इंडियन नाइट’च्या नावाखाली साखर घातलेली हरभऱ्याची उसळ. ती चाखल्यावर काकींनी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली आणि पुढे प्रत्येक जेवणाला ती टेबलावर राहिली.

माझी खरी तक्रार जेवणाची नाही. बाहेर कसे जावे, असे आम्ही सहलींच्या टेबलावर विचारले, तेव्हा बसने जाऊ नका, आमचीच गाडी घ्या, असे उत्तर मिळाले. आणि त्या गाडीने चौघांनी अर्धा दिवस फिरण्याचे जे अमेरिकन डॉलर सांगण्यात आले, तेवढ्यात पुढच्या मुक्कामातला आमचा सगळा बसप्रवास झाला. घरी आलेल्या पाहुण्याला माजघरापर्यंत न नेता ओसरीवरच चहा देऊन निरोप द्यावा, तसा हा पाहुणचार होता. ओसरी छान सारवलेली होती, एवढेच.

समुद्रकिनाऱ्याविषयीचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्टच्या मालकीच्या खुर्च्या आणि छत्र्या असू शकतात, वाळू आणि पाणी त्यांच्या मालकीचे नसते. पश्चिमेच्या महागड्या हॉटेलांच्या रांगेतही मधूनमधून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद वाटा आहेत आणि त्या वाटांनी गावातली माणसे सकाळी पोहायला येतात. राजधानी ब्रिजटाउनला लागून असलेल्या कार्लाइल उपसागराच्या किनाऱ्यावर शांत, स्वच्छ पाणी, समुद्री कासवे आणि तळाशी बुडालेली जहाजे, असे सगळे एकाच ठिकाणी आहे. जाहिरातीत दिसणाऱ्या समुद्रासाठी पॅकेज घ्यावे लागते, ही समजूत निदान या बेटापुरती खोटी आहे.

आता बेटाच्या आकाराकडे वळतो, कारण सगळा हिशेब त्यावरच ठरतो. उत्तर-दक्षिण सुमारे ३४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २३ किलोमीटर, एवढाच हा देश. क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्याहून बरेच कमी; आणि लोकसंख्या २.८ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या बेळगाव शहराहूनही कमी. सर्वांत उंच जागा माउंट हिलबी, तीही सुमारे ३४० मीटर. आपण राहतो ते पठारच त्याच्या दुपटीहून उंच आहे. देशाचे अकरा परगणे आहेत, त्यांना तिथे पॅरिश म्हणतात. एक क्राइस्ट चर्च सोडले तर सगळ्यांना संतांची नावे आहेत. अशा देशात ‘सहल’ म्हणून वेगळे काही विकत घेण्याची गरज फारच थोड्या ठिकाणांसाठी पडते.

सार्वजनिक वाहतूक तीन प्रकारची आहे आणि तिचे रंग लक्षात ठेवले की पुरे. निळ्या रंगाच्या, पिवळा पट्टा असलेल्या बस सरकारी ट्रान्सपोर्ट बोर्डाच्या. पिवळ्या रंगाच्या, निळा पट्टा असलेल्या मिनीबस खाजगी. आणि पांढऱ्या रंगाच्या, तपकिरी-लाल पट्टा असलेल्या लहान व्हॅन म्हणजे ‘झेड-आर’. त्यांच्या नंबरप्लेटची सुरुवात या दोन अक्षरांनी होते म्हणून सगळे त्यांना तसेच म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिकीट एकच होते, साडेतीन बार्बाडोस डॉलर, मग पुढच्या थांब्यावर उतरा की बेटाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला असल्यामुळे हिशेब तोंडी होतो. दुकानांत अमेरिकन नोटा चालतात, पण सरकारी बसमध्ये स्थानिक चलनातले नेमके पैसे पेटीत टाकावे लागतात आणि सुटे परत मिळत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच नाणी जमवून ठेवावीत. झेड-आरमध्ये सुटे मिळतात. थांब्यांवरच्या गोल पाट्यांवर ‘टू सिटी’ आणि ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते, आणि ते पुरेसे आहे, कारण बहुतेक सगळे मार्ग ब्रिजटाउनला येऊन मिळतात. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या बस फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या स्थानकावरून आणि उत्तरेकडच्या प्रिन्सेस ॲलिस स्थानकावरून सुटतात.

झेड-आरचा प्रवास प्रत्येकाला मानवेल असे नाही. संगीत मोठ्याने लागलेले असते, चालक घाईत असतो, आणि तिघांच्या बाकावर चौथा माणूस बसवण्याची कला तिथल्या कंडक्टरने आपल्या वडाप जीपवाल्यांकडून शिकली असावी अशी शंका येते. काकींसाठी आम्ही निळी बस पसंत केली, कारण २०२० नंतर आलेल्या विजेवरच्या बस आरामशीर आहेत. पण दक्षिण किनाऱ्यावरून ब्रिजटाउन ते सिल्व्हर सँड्स धावणारी अकरा नंबरची झेड-आर इतक्या वारंवार येते की तिच्यासाठी वेळापत्रक पाहावेच लागत नाही. एक शिष्टाचार मात्र पाळावा: बसमध्ये चढताना किंवा दुकानात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावे आणि मगच काय विचारायचे ते विचारावे. थेट प्रश्न टाकणारा पाहुणा तिथे उद्धट समजला जातो. आमच्या काकांना इंग्रजी बेताचे, पण हा नमस्कार त्यांनी पहिल्या दिवसापासून इतक्या मनापासून केला की दुसऱ्या फेरीला त्यांना खिडकीची जागा आपोआप मिळू लागली.

बेटाचा जो भाग आमच्यासाठी सर्वांत मोलाचा ठरला, तो कोणत्याही पॅकेजच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर नसतो. तो म्हणजे ऊस. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला उसाचे अप्रूप काय, असे कोणी म्हणेल; पण ज्या पिकावर आपल्या कृष्णाकाठची आणि घटप्रभाकाठची अर्थव्यवस्था उभी आहे, त्या पिकाने एक अख्खा देश घडवलेला आणि मोडलेला पाहायचा असेल तर बार्बाडोससारखे दुसरे ठिकाण नाही. इंग्रजांचे पहिले जहाज इथे १६२५ मध्ये आले, वसाहत १६२७ मध्ये झाली, आणि १६४० च्या दशकात उसाने तंबाखू व कापसाला मागे सारले. त्यानंतर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या श्रमावर हे बेट इंग्लंडच्या सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक झाले. गुलामांना मालमत्ता ठरवणारा १६६१ चा इथला कायदा इतर वसाहतींनी नमुना म्हणून उचलला. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्या मालकाकडेच बिनपगारी राबणे, १८३८ पर्यंत चालू राहिली. त्रिनिदाद आणि गयाना यांनी त्यानंतर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. बार्बाडोसमध्ये सगळी जमीन आधीच मळ्यांखाली असल्याने सुटलेल्या माणसांना त्याच मळ्यांवर राबण्यावाचून गत्यंतर नव्हते, म्हणून इथे आपल्या मजुरांची गरजच पडली नाही. त्रिनिदादप्रमाणे इथेही गावोगावी भोजपुरी आडनावे सापडतील अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये.

सेंट पीटर परगण्यातले सेंट निकोलस ॲबी पाहण्यासाठी आम्ही दिवसभराची टॅक्सी केली. नाव ॲबी असले तरी हा मठ कधीच नव्हता. सुमारे १६५८ मध्ये बांधलेले हे मळ्याच्या मालकाचे घर आहे आणि त्या काळच्या इंग्रजी जेकोबियन धाटणीची अशी घरे पश्चिम गोलार्धात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. तिथे वाफेवर चालणारा जुना चरक आहे आणि उसाच्या ताज्या रसापासून काकवी करून तिच्यापासून रम गाळतात. बहुतेक ठिकाणी रम साखर काढून उरलेल्या मळीपासून होते. हा फरक काकांनी वासावरून ओळखला आणि मार्गदर्शक मुलगी चकित झाली. ‘अरे, आमच्या गुऱ्हाळातला वास आहे हा, त्यात ओळखायचं काय?’ असे ते मला म्हणाले, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर करून मी त्या मुलीला सांगितल्यावर तिने त्यांना आत, कढईच्या जवळ नेले. १९३० च्या दशकात तिथल्या मालकाने घेतलेले चलचित्रणही दाखवतात. त्यात पवनचक्क्या आहेत, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका आहेत. घराच्या फर्निचरविषयी जितक्या तपशिलाने सांगितले जाते, तितके या बायकांविषयी सांगितले जात नाही, ही उणीव मला जाणवली. हे घर पाहणाऱ्याने क्राइस्ट चर्चमधली न्यूटन मळ्याची गुलामांची दफनभूमीही पाहावी. तिथे इमारत नाही, दुकान नाही. एक उतरते गवताळ शेत आहे आणि एक फलक. रिसॉर्टच्या सहलींच्या यादीत ती नव्हती.

मॉर्गन लुईस येथील पवनचक्की सेंट अँड्र्यू परगण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या लहानशा बेटावर ऊस गाळणाऱ्या पाचशेच्या आसपास पवनचक्क्या होत्या. त्यांतली शिडे आणि यंत्रसामग्रीसह उभी राहिलेली ही एक. तिच्या जाड दगडी भिंतींपेक्षा काकांना तिच्या जागेचे कौतुक अधिक वाटले. अटलांटिकवरून वर्षभर एकाच दिशेने येणारा वारा जिथे टेकडीला धडकतो, नेमकी तिथे ती बांधली आहे. आज साखर करणारा एकच कारखाना उरला आहे, सेंट जेम्समधला पोर्टव्हेल, आणि गाळपाचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. आपल्या एका तालुक्यात जेवढे कारखाने सापडतात तेवढेही संपूर्ण देशात नाहीत, हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते.

रस्त्याच्या कडेला उसाच्या शेतांच्या बांधांवर वाळ्याची दाट रांग लावलेली दिसते. तिथे तिला ‘खस-खस’ गवत म्हणतात आणि माती धरून ठेवण्यासाठी ती लावतात. जुन्या काळी याच कारणाने सरीऐवजी चौकोनी खड्डे काढून उसाची लागण करीत. तोडणी आता बहुतेक यंत्राने होते. विजापूर किंवा बीडकडून येणाऱ्या टोळ्यांसारखे दृश्य कुठे नाही. उसाच्या तुऱ्यात रुजणारे बी असते आणि त्यापासून नवे वाण काढता येतात, ही गोष्ट बार्बाडोसमधल्या डॉड्स येथे १८८८ मध्ये हॅरिसन आणि बोव्हेल यांनी दाखवून दिली. त्याच सुमारास जावामध्येही तोच शोध लागला होता. आपल्या को ८६०३२ या वाणाचे घर असलेले कोईमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ चे, म्हणजे त्या शोधानंतरचे. बार्बाडोसमध्ये आजही वेस्ट इंडीजसाठी उसाचे वाण काढणारे केंद्र आहे. ते पर्यटकांसाठी खुले नाही, आम्ही फक्त बाहेरून पाहिले. पण काकांनी टॅक्सी थांबवायला लावून त्या शेताचा फोटो घेतला आणि तो गावातल्या सगळ्या ऊस उत्पादकांच्या गटावर पाठवला. समुद्राचा एकही फोटो त्यांनी पाठवलेला नाही.

ब्रिजटाउनला एक संपूर्ण दिवस द्यावा. शहराचा जुना भाग आणि गॅरिसनची लष्करी वसाहत २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नॅशनल हीरोज स्क्वेअरमध्ये १८१३ पासून उभा असलेला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा नोव्हेंबर २०२० मध्ये हलवण्यात आला आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला देश प्रजासत्ताक झाला. क्रिकेटप्रेमी मराठी माणसाचे पाय मात्र आपोआप केन्सिंग्टन ओव्हलकडे वळतात. या शहराशी आपले नाते फार काळ दुखरे होते. १९६२ मध्ये बार्बाडोस संघाविरुद्ध खेळताना नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला आणि त्यांचा जीव वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. १९९७ मध्ये सचिन कर्णधार असताना विजयासाठी १२० धावा हव्या होत्या आणि आपण ८१ वर आटोपलो. मग २९ जून २०२४ ला याच मैदानावर भारताने ७ बाद १७६ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेला ८ बाद १६९ वर रोखले आणि रोहित शर्माने टी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला. शेवटच्या षटकातला सूर्यकुमारचा झेल कोणत्या टोकाला घेतला गेला, हे दाखवायला झेड-आरचा कंडक्टरही तयार असतो, फक्त आपण भारतीय आहोत हे त्याला कळले पाहिजे. मैदानाबाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स हे तिन्ही ‘डब्ल्यू’ याच मैदानाच्या आसपास जन्मले आणि केव्ह हिल येथील विद्यापीठाच्या आवारात, त्यांच्याच नावाच्या मैदानाजवळ, त्यांची स्मृतिस्थळे आहेत. तिथे बसने जाता येते आणि गर्दी अजिबात नसते.

पूर्व किनारा पाहिल्याशिवाय परतू नये. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, त्यामुळे पाणी झिरपून खाली साठते आणि नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. ईशान्येचा ‘स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट’ मात्र उघड्या पडलेल्या जुन्या मातीचा आणि ढासळत्या उतारांचा आहे. ब्रिजटाउनहून बाथशेबाला बस जाते. अटलांटिकच्या लाटांनी खालून झिजवलेले प्रचंड खडक तिथे पाण्यात उभे आहेत आणि जगभरचे सर्फिंग करणारे तिथे येतात. पोहणे मात्र धोक्याचे आहे, कारण पाण्याची ओढ जबरदस्त आहे. १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जुन्या मार्गावरून किनाऱ्याने पायी चालता येते. या भागात बस कमी असतात, म्हणून परतीच्या बसची वेळ उतरतानाच चालकाला विचारावी. रविवारी पहाटे तिथल्या नॅशनल ट्रस्टतर्फे बेटावर वेगवेगळ्या ठिकाणी पायी भटकंती काढतात, तिला ठरावीक शुल्क नसते आणि ऐच्छिक देणगी चालते. मी आणि सौभाग्यवती अशा एका भटकंतीला गेलो. त्यात पर्यटक मोजके आणि निवृत्त शिक्षक, परिचारिका, पोस्टमास्तर अशी स्थानिक मंडळी अधिक होती. बार्बाडोसविषयी मला जे काही समजले त्यातले बरेचसे त्या सकाळी समजले.

खाण्याविषयी. मत्स्याहारी माणसाची चंगळ आहे. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळी बाजारात भाजलेला आणि तळलेला मासा मिळतो, बरोबर ‘मॅकरोनी पाय’, म्हणजे चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी, आणि मोहरी घातलेली पिवळी झणझणीत मिरचीची चटणी. गर्दी नको असेल तर दुसऱ्या कोणत्याही वारी जावे. कुकू म्हणजे मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला मऊ गोळा, त्यावर उडत्या माशाचे कालवण. हे इथले राष्ट्रीय जेवण. आमच्या चौघांत त्याविषयी एकमत झाले नाही, मला ते आवडले. शाकाहारी माणसाने रोटीच्या दुकानांचा आधार घ्यावा. बटाटा आणि हरभऱ्याची भाजी भरून गुंडाळलेली रोटी त्रिनिदादकडून इथे आली आणि ती रिसॉर्टच्या ‘इंडियन नाइट’हून सर्वार्थाने सरस आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फिरते व्यापारी म्हणून बंगाल आणि सुरत भागातून आलेल्या मुसलमान कुटुंबांची दुकाने ब्रिजटाउनच्या स्वान स्ट्रीट परिसरात आहेत. तिथे हिंदी समजते. एक सावधगिरी महत्त्वाची: ‘राइस अँड पीज’ हा भात दिसायला शाकाहारी असला तरी त्यात पुष्कळदा खारवलेले मांस घातलेले असते, म्हणून विचारून घ्यावे. शनिवारी चीपसाइड बाजारात ताजी फळे, नीरफणस, रताळी आणि मौबी मिळते. झाडाच्या सालीचे हे कडवट पेय काकींना औषधी वाटले आणि म्हणून आवडले.

आता उरलेल्या व्यवहाराच्या गोष्टी झरझर सांगतो. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, पण लंडनमार्गे जाणाऱ्याने ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश करण्याचे किंवा विमान बदलण्याचे नियम आधी नीट वाचावेत. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि ते कोणत्या डॉलरमध्ये आहे हेही विचारावे. गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी घेणे आपल्याला जड जात नाही, मात्र परवाना तात्पुरता काढावा लागतो आणि आतले रस्ते उसामुळे पुढचे वळण दिसू देत नाहीत. लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालणे तिथे गुन्हा आहे. नातवंडांच्या टोप्यासुद्धा तपासून घ्याव्यात. किनाऱ्यावर लाल पट्टा मारलेले मँचिनील झाड दिसले तर त्याची हिरवी फळे चाखू नयेत आणि पावसात त्याखाली उभे राहू नये, त्याचा चीक अंग भाजून काढतो. वीज ११५ व्होल्टची असल्याने मोबाइलचे चार्जर चालतात, आपली घरची किटली चालत नाही. भारताची वेळ साडेनऊ तास पुढे आहे, म्हणून गावाकडे फोन करायचा तर बार्बाडोसच्या सकाळी करावा. वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. विश्वचषक जिंकल्यावर भारतीय संघ तिथेच अडकला होता तो बेरिल वादळामुळे, हे अनेकांना आठवत असेल.

मग राहावे कुठे? काकींसारखे कोणी बरोबर असेल तर सुरुवातीला थोडे दिवस रिसॉर्टमध्ये काढायला माझी हरकत नाही, पण तेही फक्त नाश्त्यासह खोली देणारे मिळाले तर पाहावे. बाकी सर्वांनी दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज, वर्दिंग किंवा सेंट लॉरेन्स गॅप या पट्ट्यात स्वयंपाकघर असलेली साधी खोली घ्यावी. दारासमोर अकरा नंबरची झेड-आर, चालत गेल्यावर समुद्र, संध्याकाळी फिरायला हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंतचा लाकडी किनारामार्ग, आणि सुपरमार्केटमधून आणलेल्या तांदूळ-डाळीची खिचडी करायची सोय, एवढे असले की काही कमी पडत नाही. आमच्या गेस्ट हाउसच्या खोलीत पंखा जुना होता आणि गरम पाणी बेताचे येत होते, तरी घरमालकीणबाईंनी कोणत्या बसने कुठे उतरायचे हे कागदावर लिहून दिले, ते रिसॉर्टच्या सगळ्या छापील पत्रकांहून अधिक उपयोगी पडले. लंडनचे परतीचे विमान आमचे संध्याकाळचे होते. तसेच असेल तर सामान खोलीवर ठेवून शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत मोकळे राहता येते, आणि विमानतळाकडे जाणारी बस ऑइस्टिन्सवरूनच जाते, तेव्हा शेवटचे जेवण तिथेच उरकावे.